फोटोच्या वरची लाल पट्टी

"वेबसाइट कोण बघतं हो आपल्याकडं? पण असावी लागते," असं म्हणत आमच्या तालुक्यातल्या एका ट्रस्टच्या दवाखान्याच्या सेक्रेटरींनी मला काम दिलं. त्या वाक्याचा मला राग आला नाही. मलाही तेव्हा मनातून तसंच वाटायचं.

पुण्यात सहा वर्षं मी एका कंपनीत वेबसाइट बनवायचे. अब्बांना अर्धांगाचा झटका आला तेव्हा अकोले गावी, घरी परत आले, आणि मग इथलीच झाले. अब्बांचं पाण्याची जळालेली मोटार भरून द्यायचं दुकान बंद पडलं होतं. त्यातच तांब्याच्या तारेची रिळं एका कोपऱ्यात सारून मी लॅपटॉप मांडला. बाहेरच्या पाटीवर अजून 'सर्व प्रकारच्या मोटारी भरून मिळतील' असंच आहे. लोक खांद्यावर मोटार घेऊन येतात, मी त्यांना पुढच्या गल्लीतला माणूस सांगते आणि पुन्हा कोड लिहायला बसते.

दवाखान्याची साइट आधीच कुणीतरी बनवलेली होती. ती सांभाळायची, एवढंच माझं काम. अशा साइटचं पान एकसंध नसतं, तुकड्यातुकड्यांचं असतं. त्या तुकड्यांना ब्लॉक म्हणतात. अध्यक्षांचं मनोगत हा एक ब्लॉक, ओपीडीच्या वेळा हा दुसरा, कार्यक्रमांचे फोटो हा तिसरा. कुठला ब्लॉक कुठल्या पानावर दिसणार, वर दिसणार की तळाला, हे ठरवायच्या दोन जागा. एक म्हणजे स्क्रीनवरची यादी. तिथं खुणा करायच्या आणि सेव्ह म्हणायचं. हे कुणालाही जमतं, दवाखान्याच्या ऑफिसातल्या क्लार्कलाही जमायचं. दुसरी जागा म्हणजे खुद्द कोड. तिथं अट लिहावी लागते: अमुक पान असेल तर हा तुकडा दाखव, तमुक असेल तर दाखवू नकोस. तिथं फक्त मी जायचे.

पहिलं वर्ष अध्यक्षांचा फोटो हलवण्यात गेलं. "मॅडम, मोबाइलवर साहेबांचा फेटा कापला जातोय." "मॅडम, मनोगत फक्त पहिल्या पानावर का? सगळीकडं येऊ द्या." मी सगळीकडे येऊ दिलं. सांगितलं की करते, फाटे फोडत नाही, म्हणून ऑफिसात माझं नाव चांगलं होतं. मलाही ते आवडायचं.

एका जुलैत मी रिसेप्शनवरच्या सिस्टरना अपॉइंटमेंटचा नवा फॉर्म समजावून सांगायला गेले होते. दुपारची वेळ, ओपीडी संपत आलेली. चाळिशीतला एक माणूस आत आला. हातात प्लास्टिकची पिशवी, पिशवीत दवाखान्याचे कागद. काउंटरपाशी जाऊन उभा राहिला. मग म्हणाला, "ताई, तुमच्याकडं सापाची लस हाय का?"

सिस्टर खुर्ची मागं ढकलून उठल्याच. "कुणाला चावलंय? पेशंट कुठाय?"

"आत्ता न्हाई कुनाला. हाय का, इतकंच इचारतोय."

"आहे की. कायम असते."

"म्हैन्याभरापूर्वी बी हुती?"

"होती ना. का?"

त्यानं पिशवी काउंटरवर ठेवली. उत्तर द्यायच्या आधी त्यानं एकदा मागं, दाराकडे वळून बघितलं. आमच्या दवाखान्याच्या दारावरूनच मोठा रस्ता जातो.

तो धरणाच्या वरच्या अंगाचा, डोंगरातल्या एका गावाचा होता. जूनमध्ये त्याची बायको खाचराच्या बांधावरचं गवत काढत होती. गवतात घोणस होती. तिच्या उजव्या हाताला चावली. हा माणूस शहाणा होता. मांत्रिकाकडे नेऊ म्हणणाऱ्या घरच्यांना त्यानं गप्प केलं, जीप मिळवली, बायकोला मागं झोपवलं आणि वाटेतच मोबाइलवर बघायला लागला, जवळ लस कुठं मिळेल. काही कळेना. मग जीपवाला म्हणाला, पुढच्या मोठ्या गावाला जाऊ, तिथं मिळेलच. जीप आमच्या दारावरून पुढं गेली. तिथल्या पहिल्या दवाखान्यात लस नव्हती, दुसऱ्यात होती. तोवर बराच वेळ गेला होता. बाई वाचली. पण किडनीला मार बसला, काही दिवस डायलिसिसवर ठेवावं लागलं, आणि एक बोट काढावं लागलं.

"काल एक पाव्हना म्हनला, अरं, लस तर अकोल्यातच मिळती. मला खरं वाटंना. म्हनून आलो." मग सिस्टरकडे न बघता तो म्हणाला, "मी मोबाइलवर बघितलं हुतं की ओ. तुमच्याच दवाखान्याचं पान आलं हुतं."

"बघू," मी म्हटलं.

त्यानं मोबाइल माझ्या हातात दिला. त्याच्या शोधाचे शब्द अजून तसेच होते. 'साप चावला दवाखाना अकोले.' पहिल्यांदा आमचीच साइट येत होती. मी त्यावर बोट ठेवलं. पान उघडलं. अध्यक्षांच्या हस्ते सर्पमित्रांचा सत्कार! शाल, श्रीफळ, फेटे, एकवीस फोटो. 'साप' आणि 'अकोले' हे शब्द त्या पानावर भरपूर होते, म्हणून शोधात ते पहिलं आलं. लसीचा उल्लेख नव्हता.

"हितं कुटं लिवलंय लस हाय म्हनून?" त्यानं विचारलं. त्यात टोमणा नव्हता. त्याला वाटत होतं, आपलंच बघायचं चुकलं असेल.

मी शोधायला लागले. आमच्या सेवा, त्यात तातडीची सेवा, त्यात खाली एक फाइल. फाइल उघडली तर कागद आडवा स्कॅन केलेला. मोबाइल आडवा धरला की तोही फिरायचा. सतराव्या ओळीत लिहिलं होतं, सर्पदंशावरील प्रतिविष उपलब्ध. 'लस' हा शब्दसुद्धा नव्हता.

सत्काराचं ते पान जानेवारीत मीच लावलं होतं. फोटो एका रांगेत यावेत म्हणून त्यावर अख्खी सकाळ घालवली होती.

"हे पान मी लावलंय," मी म्हटलं. का म्हटलं कोण जाणे. न सांगताही चाललं असतं.

त्यानं माझ्याकडे नीट बघितलं. "तुमी?"

"हो."

"मंग नीट लावा की," तो म्हणाला. पिशवी उचलली आणि गेला.

त्या दिवशी दुकानावर येऊन मी तीच साइट पहिल्यांदा लस शोधणाऱ्या माणसासारखी बघितली. एक गोष्ट लगेच कळली. आम्ही सगळे धरून चाललो होतो की माणूस पहिल्या पानावरून आत येतो, घरात दारातून यावं तसा. तसं नसतं. शोधात जे सापडेल त्यातून तो आत पडतो. फोटोंच्या पानातून, जुन्या नोटिशीतून, कुठूनही. म्हणजे ही माहिती एका पानावर लिहून भागणार नव्हती. ती प्रत्येक पानावर हवी होती, सगळ्यात वर हवी होती.

दुसऱ्या दिवशी मी डॉक्टरबाईंकडे गेले. तातडीचा विभाग त्या सांभाळायच्या. साठीला टेकलेल्या, कमी बोलणाऱ्या. साप चावलेली किती माणसं त्यांनी वाचवली असतील ते त्या स्वतः कधी सांगायच्या नाहीत. मी सगळं सांगितलं. त्यांनी औषधाच्या कंपनीचं एक पॅड ओढलं आणि बोलत बोलतच लिहायला लागल्या. "साप चावला? इथं लस आहे. दिवसरात्र. कापू नका, चोखू नका, घट्ट बांधू नका. चावलेला हात किंवा पाय हलू देऊ नका. साप शोधत बसू नका. लगेच निघा."

"प्रतिविष लिहायचं का?" मी विचारलं.

"लस लिही. लोक लस म्हणतात."

खाली फोन नंबर. बोट लावलं की फोन लागेल असा. मी त्याची लाल पट्टी केली, स्क्रीनवरच्या यादीत सगळ्या पानांपुढं खूण केली, सेव्ह म्हटलं.

चौथ्या दिवशी पट्टी गायब. अध्यक्षांचा वाढदिवस होता. क्लार्कनं शुभेच्छांचा फलक वर चढवला आणि पट्टीची खूण काढून टाकली. मी पुन्हा लावली. सोमवारी पुन्हा गेली. मी फोन केला तेव्हा तो बिचारा कावराबावरा होऊन म्हणाला, "मॅडम, मला सांगितलं ते केलं. तुम्ही सेक्रेटरी साहेबांशी बोला."

सेक्रेटरी म्हणाले, "मॅडम, पेशंट वेबसाइट उघडतो आणि त्याला पहिला सापच दिसतो. बरं दिसतं का? तातडीच्या सेवेत आहे की ती माहिती."

"तिथवर कुणी पोचत नाही, साहेब."

"पोचतात, पोचतात. ज्याला गरज आहे तो पोचतो."

मला त्या माणसाचा मोबाइल माझ्या हातात होता तो क्षण आठवला. माझा आवाज चढला असावा, कारण दुकानातच टाकलेल्या शेजारच्या खाटेवरून अब्बांनी मान वर केली. "गरज असलेला माणूस तुमच्या दारावरून पुढं गेला, साहेब," मी म्हटलं आणि फोन ठेवला. कामाच्या माणसाचा फोन मी आयुष्यात पहिल्यांदा असा मध्येच ठेवला होता.

मग मी पट्टी यादीतून काढली आणि कोडात घातली. आठ-दहा ओळींचं काम. पान कुठलंही असो, सगळ्यात वर ही पट्टी दाखव. फक्त सर्पदंशाची सगळी माहिती देणारं एक नवं पान मी केलं होतं, तिथं दाखवू नकोस, कारण तिथं तेच मोठ्या अक्षरांत आहे. घाईत मी एक उद्गारचिन्ह चुकीच्या जागी टाकलं. कोडात उद्गारचिन्हाचा अर्थ 'नाही' असा होतो. त्यामुळं झालं उलटंच. पट्टी त्या एकाच पानावर दिसायला लागली आणि बाकी सगळीकडून गेली. अर्धा दिवस मी क्लार्कलाच मनातल्या मनात शिव्या देत होते. मग चूक दिसली. चिन्ह खोडलं, पट्टी सगळीकडे आली.

मी चोरून काही केलं नाही. त्या ओळींच्या डोक्यावर मराठीत टीप लिहिली: 'ही पट्टी साप चावलेल्या माणसासाठी आहे. काढायची असेल तर आधी तातडीच्या विभागातल्या डॉक्टरांना विचारा.' आणि सेक्रेटरींना तसा मेलही केला, की पट्टी आता यादीतून निघणार नाही, कारण ती कोडात आहे आणि ती मी घातली आहे.

मेल कुणी वाचला नाही. पण दोन आठवड्यांनी एक स्क्रीनशॉट तालुकाभर फिरला. पहिल्या पानावर वर लाल पट्टी, 'साप चावला?' आणि बरोबर तिच्याखाली फेटा बांधलेले, हात जोडलेले अध्यक्ष. लोकांनी त्यावर काय काय लिहिलं ते इथं लिहीत नाही. माझ्या अम्मीलाही तो तिच्या भाचीकडून आला. ती आधी हसली, मग मोबाइल खाली ठेवला. "ये तूने किया?" तिनं विचारलं.

मी मुद्दाम केलं नव्हतं. फोटो तिथं होता, पट्टीला वर जायचं होतं, एवढंच. पण माझ्यावर कोण विश्वास ठेवणार?

ट्रस्टच्या मीटिंगला बोलावणं आलं. लांब टेबल, पांढरं कापड, सात माणसं. डॉक्टरबाईही होत्या, टेबलाच्या टोकाला. अध्यक्ष स्वतः आले नव्हते. सेक्रेटरींनी तो स्क्रीनशॉट छापून आणला होता, रंगीत. तो माझ्यापुढं सरकवला.

"हे काय आहे?"

"दवाखान्यात लस आहे, ही माहिती आहे."

"मॅडम, साहेबांची तालुकाभर चेष्टा चाललीय."

"फोटो खाली घेते. आत्ता, इथं बसून घेते. पट्टी राहील."

"फोटो नाही, पट्टी हलवायची," एक सदस्य म्हणाले. दुसऱ्यांनी तोडगा काढला, "असं करा, पावसाळ्यात चार महिने ठेवा. नंतर काढा. साप काय पावसाळ्यातच निघतात."

"ऊसतोडीला हिवाळ्यात लोक उसात शिरतात तेव्हा साप सुट्टीवर असतात का?" मी म्हटलं. त्या सदस्यांचा स्वतःचा ऊस होता.

टेबलाच्या पलीकडून कुणीतरी, अगदी गोड आवाजात, विचारलं, "तुमचं मूळ गाव कुठलं?"

हा प्रश्न मला नवा नव्हता. आडनाव ऐकलं की तो येतो. एरवी मी हसून उत्तर देते. त्या दिवशी हसले नाही. "हेच. माझे आजोबा याच पेठेत कल्हई लावायचे. तुमच्या घरची भांडीसुद्धा त्यांनी चकचकीत केली असतील. आता सापाबद्दल बोलायचं का?"

मी डॉक्टरबाईंकडे बघितलं. मला वाटलं, आता त्या बोलतील. त्यांचे शब्द होते ते, त्यांच्या पॅडवरचे. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. बोलल्या नाहीत.

सेक्रेटरी म्हणाले, "ठीक आहे. विषय संपवू. पट्टी आज काढा आणि झाल्या प्रकाराबद्दल चार ओळींचा माफीनामा द्या."

"पट्टी काढता येते," मी म्हटलं. "अवघड नाही. पण मी काढणार नाही. दुसरं कुणी आणा. आणि माफीनामा त्या बाईंना द्यायचा असेल तर मी लिहून देते, ज्यांचं बोट गेलं त्यांना. तुम्हाला नाही."

मी खुर्ची जोरात मागं सारून उठले. जिन्यात डॉक्टरबाई मागून आल्या. "मी बोलायला पाहिजे होतं," त्या म्हणाल्या.

"हो," मी म्हटलं. त्यांना बरं वाटेल असं काहीतरी बोलावं, हे सुचलं होतं. बोलले नाही.

काम गेलं. संगमनेरला मुलाखती घेऊन त्यांनी दुसरा माणूस घेतला. महिन्याभरानं त्याचा मला फोन आला. मूळचा नेवाशाचा, बोलायला मोकळा. "ताई, मला पहिलंच काम दिलंय की ती लाल पट्टी काढा. यादीत सापडेना, म्हणून कोड उघडला. तिथं तुमची टीप वाचली."

"मग? ओळी समोरच आहेत. खोडल्या की झालं," मी म्हटलं. खोटं कशाला सांगायचं.

"नाही ओ. टिपेत लिहिलंय ना, आधी डॉक्टरांना विचारा. म्हणून मी विचारलं."

"काय म्हणाल्या?"

"बोलल्या नाहीत. लेटरपॅडवर लिहून दिलं. सही, शिक्का. 'ही माहिती काढल्यास तातडीच्या विभागाची जबाबदारी मी घेणार नाही.' मी तो कागद सेक्रेटरी साहेबांच्या टेबलावर ठेवला. त्यांनी वाचला आणि मला म्हणाले, साहेबांचा फोटो 'आमच्याविषयी'च्या पानावर घ्या." तो हसला. "म्हणजे एकूण फोटोच हलवला, ताई."

मी फोन ठेवला. मग अब्बांना सांगितलं. त्यांना बोलता नीट येत नाही, पण चांगला हात त्यांनी उचलला आणि गादीवर दोनदा आपटला. ते खूश झाले की असं करतात.

डॉक्टरबाईंकडे मी स्वतः गेले, त्यांच्या घरी. त्या दिवशी आम्ही चहा प्यायलो आणि पट्टीबद्दल चकार शब्द काढला नाही. जिन्यातलं 'हो' मी मागं घेतलं नाही, त्यांनीही तशी अपेक्षा केली नाही.

आता मी शेवगावच्या एका बी-बियाण्यांच्या दुकानाची आणि दोन शाळांची साइट सांभाळते. कुठल्याही नव्या माणसाला पहिल्याच भेटीत सांगते, की तुमचा फोटो कुठं येणार ते शेवटी ठरेल. आधी हे सांगा, अडलेला माणूस तुमच्याकडं काय शोधत येतो? काहीजण दुसऱ्याकडे जातात. जाऊ देत.

मागच्या बाजाराला सेक्रेटरी भेटले. मेथीच्या ढिगापाशी, हातात पिशवी. मला बघून ते ओशाळले नाहीत, उलट जवळ आले. "काय मॅडम, शेवटी राहिलीच ना तुमची पट्टी? आता तरी राग गेला का?"

"नाही," मी म्हटलं.

त्यांना वाटलं, मी गंमत करते. ते हसले आणि थांबले, मी पण हसेन म्हणून. मी मेथीची जुडी उचलली, मुळं झटकली, पिशवीत टाकली आणि पुढच्या भाजीकडे गेले.